गाठ तशीच ठेवून शस्त्रक्रिया कशासाठी?

शस्त्रक्रिया म्हणजे रोग मुळासकट काढून टाकणे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. त्यामुळे "ऑपरेशन करू, पण गाठ काढता येणार नाही," असे डॉक्टरांनी सांगितले की घरची माणसे गोंधळतात. मीरा रोडच्या सिल्व्हर पार्कमध्ये आमच्या शेजारच्या आजोबांबाबत हेच झाले. जठराच्या खालच्या तोंडाशी कर्करोगाची गाठ, रोग यकृतापर्यंत पसरलेला. पेजसुद्धा पोटात ठरेना. "मग पोट उघडायचे तरी कशाला?" हा त्यांच्या मुलाचा प्रश्न मला स्वस्थ बसू देईना. त्यापायी जे वाचले, विचारले, ते येथे मांडतो.

अशा शस्त्रक्रियेला उपशामक शस्त्रक्रिया म्हणतात. तिच्या इंग्रजी नावाचे मूळ लॅटिन 'पॅलियम', म्हणजे अंगावरचे वस्त्र. आपला शब्द 'शम्' धातूवरून आलेला. पांघरूण घालण्यापेक्षा शांत करणे मला अधिक नेमके वाटते.

जठराची वाट बंद झाली तर लहान आतड्याचा भाग वर आणून जठराला जोडतात. अन्न गाठीला वळसा घालून पुढे जाते. गाठ काढणे अशक्य दिसल्यावर व्हिएन्नात आंतोन वोल्फ्लर यांनी १८८१ साली हाच मार्ग काढला होता. मोठे आतडे तुंबले तर पोटावर मलमार्ग काढतात. रोगाने पोखरलेले मांडीचे हाड मोडले तर आत सळई बसवतात, रुग्ण निदान स्वतःच्या पायांनी शौचास जावा म्हणून. ही गोष्ट लहान नव्हे.

आता पुष्कळदा दुर्बिणीतून स्टेंट, म्हणजे धातूची जाळीदार नळी, बसवतात. खाणे लवकर सुरू होते, पण नळी पुन्हा तुंबण्याचा संभव अधिक. म्हणून आयुष्य काही महिन्यांचे दिसत असेल तर जोडणी, आठवड्यांचे असेल तर नळी, असा ढोबळ हिशेब. पोटात पाणी भरलेले, आतडे अनेक ठिकाणी अडलेले, रुग्ण अंथरुणाला खिळलेला, अशा वेळी सुरी बहुधा न उचललेलीच बरी. नाहीतर उरलेले दिवस जखम भरण्यातच जातात.

तेव्हा विचारायचे ते "पोट उघडून काय साधेल?" हे. आपल्याकडे मात्र ज्याचे पोट त्याला सोडून बाकी सर्वांचे मत घेतले जाते! आजोबांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, "भात खाता आला तर करा." जोडणी झाली, आणि पुढचे तीन महिने त्यांनी घरी मऊ भात खाल्ला.

शस्त्रक्रिया नको ठरली तरी उपचार संपत नाहीत. वेदनेवर मॉर्फीन आहे, उलटीवर औषधे आहेत. आणि ज्यांना घरी सांभाळणे कठीण, त्यांच्यासाठी वांद्र्याला १९८६ साली शांती आवेदना सदन सुरू झाले, या प्रकारचे देशातील पहिले.