अबोल्याची मुदत

टीसीपीने जोडलेले दोन संगणक बराच वेळ गप्प राहिले, तर पलीकडचा नुसताच शांत आहे की त्याची वीज गेली आहे, हे अलीकडच्याला कळत नाही. त्यासाठी किपअलाइव्हची सोय आहे. ती चालू केली की लिनक्स ७२०० सेकंद, म्हणजे दोन तास थांबतो आणि मग ७५ सेकंदांच्या अंतराने नऊ हाका मारतो. एकीलाही ओ मिळाली नाही, तर दोन तास अकरा मिनिटे पंधरा सेकंदांनी जोडणी तोडतो.

प्रोग्रामला ही मुदत आपल्या सॉकेटपुरती, म्हणजे जोडणीच्या आपल्या टोकापुरती, बदलता येते. मात्र दिलेला आकडा १ पेक्षा लहान किंवा ३२,७६७ पेक्षा मोठा असेल, तर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, तो नाकारतो आणि जुनी मुदत तशीच ठेवतो. खालची मर्यादा लगेच पटते: हाकांमधले अंतर शून्य ठेवले, तर दम न घेता हाका सुरू होतील. वरची मर्यादा समजायला जरा आत शिरावे लागते.

कर्नलचे टायमर सेकंद मोजत नाहीत, टिक मोजतात. एका टिकला जिफी म्हणतात. सेकंदाला टिक किती, १००, २५० की १०००, हे कर्नल बांधतानाच ठरते. म्हणून आलेल्या सेकंदांना त्या संख्येने गुणावे लागते. समजा, कुणी ३० लाख सेकंद मागितले आणि टिक १००० आहेत. गुणाकार येतो ३०० कोटी. ३२ बिटी चिन्हांकित पूर्णांकात सुमारे २१४ कोटी ७४ लाखच मावतात, त्यामुळे तो आकडा उलटून ऋण होऊ शकतो. पस्तीसेक दिवसांची मुदत मग मागितल्या क्षणीच संपलेली असते! गुणून झाल्यावर तपासण्यात अर्थ नाही, कारण तोवर खरा आकडा हरवलेला असतो.

सिस्टिमभरची मुदत बदलण्याचे दार वेगळे आहे. तिथे कर्नल सर्वांत मोठ्या पूर्णांकाला टिकांनी भागतो आणि आलेले सेकंद त्याहून जास्त असतील तर परत पाठवतो. त्यामुळे तेच ३० लाख १००० टिकांच्या कर्नलवर नाकारले जातात, २५० च्या कर्नलवर चालून जातात. एकाच आकड्याला दोन यंत्रांवर दोन उत्तरे मिळतात, ती यामुळे.

वजाबाकीतही हाच धोका आहे. चालू जोडणीची मुदत बदलली की कर्नल नव्या मुदतीतून आधीच सरलेला वेळ वजा करतो. सरलेला वेळच जास्त असेल, तर बाकी शून्य धरतो. ती ऋण होऊ देत नाही.

शिवाय टिकांची ३२ बिटी मोजणी १००० च्या वेगाने ४९ दिवसांत भरून पुन्हा शून्यावर येते. ‘मुदत संपली का’ ही तुलना नेमकी तिथे चुकू शकते. लिनक्सकर्त्यांनी त्यावर काढलेली युक्ती मला फार आवडते: मोजणी शून्यापासून सुरूच करायची नाही, उलटण्याच्या पाच मिनिटे आधीपासून करायची. तुलना चुकीची लिहिली असेल, तर यंत्र चालू केल्यावर पाचव्या मिनिटाला, लिहिणारा समोर बसलेला असतानाच, ती उघडी पडते.