ससा म्हणजे खेळणे नव्हे

आमच्या सिंदी (रेल्वे)चा तान्हा पोळा प्रसिद्ध आहे. मुले लाकडी नंदीबैल सजवून मिरवतात. लाकडी बैलाला भूक नाही, त्याला ऊन बाधत नाही. बाजारातून मुलांच्या हट्टापायी आणलेल्या सशाला मात्र दोन्ही आहे, आणि नेमके हेच आपण विसरतो.

मी पशुवैद्यक. हयात गाई-बैलांत गेली. अलीकडे लोक पुठ्ठ्याच्या खोक्यातून ससे आणतात, तेही बहुधा उशिरा. ससा दुखणे लपवतो. दिवसभर त्याने काहीच खाल्ले नाही, लेंड्या टाकल्या नाहीत, तर समजावे की जीव धोक्यात आहे.

दुकानातला ससा आणि आपल्या शेतातला ससा या दोन वेगळ्या जाती आहेत. पाळीव सशाचे पूर्वज युरोपातले, जमिनीत बिळे करून राहणारे. त्याला घाम येत नाही. तो अंगातली उष्णता मुख्यतः कानांवाटे बाहेर टाकतो. विदर्भात मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो, तेव्हा पत्र्याखालचा पिंजरा म्हणजे भट्टीच. सावली, गार फरशी आणि सतत पाणी हवेच. कंटाळा आला म्हणून त्याला शेतात सोडणे म्हणजे कुत्र्यांच्या तोंडी देणे होय.

त्याचे दात जन्मभर वाढतात. ते झिजायला आणि पोट चालायला मुख्य आहार गवताचाच हवा. बिस्किट, पाव, भात नको, गाजरही थोडेच. पिंजऱ्यात नुसती तारेची जाळी असेल तर तळपायांना जखमा होतात. नर-मादी एकत्र ठेवल्यास महिन्याभरात पिल्ले होतात. ससा आठ-दहा वर्षे जगू शकतो. मुलांचा उत्साह इतका टिकतो का?

2018 च्या केंद्रीय नियमांनुसार पाळीव प्राण्यांच्या दुकानाला राज्य प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी बंधनकारक आहे, आणि या नियमांत सशाचाही समावेश आहे. मात्र 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याचा दंड 10 ते 50 रुपये एवढाच! तेव्हा खरा वचक गिऱ्हाइकाचाच.

दुकानदाराला नोंदणीपत्र मागा. पिल्लू आईचे दूध सुटलेले आहे का, विचारा. पिंजऱ्यात पाणी, गवत, अंग पसरायला जागा आहे का, पाहा. नसेल तर दया येऊन विकत घेऊ नका; रिकाम्या झालेल्या पिंजऱ्यात उद्या दुसरा ससा येईल. नगर परिषदेकडे किंवा पशुसंवर्धन खात्याकडे लेखी तक्रार करा.