ॲक्सिलरेटरमधील अडसर

स्वयंचलित गिअरच्या काही मोटारींत ॲक्सिलरेटरचे पेडल तळाजवळ येताच अडते. पुढे दाबण्यास जादा जोर लागतो. नवख्या चालकास हा बिघाड वाटतो. वस्तुतः तो अडसर हेतुपुरस्सर ठेवलेला असतो. तो ओलांडला की गिअरपेटीस सूचना मिळते : शक्य तितक्या खालच्या गिअरवर यावे. इंजिनचे फेरे एकदम वाढतात व त्याची पूर्ण शक्ती चाकांना मिळते. अर्थात इंधनही त्याच मानाने खर्ची पडते.

पूर्वी हे काम तारेने किंवा पेडलखालच्या बटनाने होई. आता पेडलकडून विद्युत्-संदेश जातो, तरीही स्प्रिंगच्या साहाय्याने हा अडसर मुद्दाम राखला जातो. कारण रस्त्यावरची नजर न हटविता पायालाच सीमा कळावी लागते. वेगमर्यादक बसविलेल्या अनेक मोटारींत हाच टप्पा ओलांडून ती मर्यादा तात्पुरती दूर करता येते.

दुपदरी रस्त्यावर मालमोटार ओलांडताना अडसरालाच पेडलचा शेवट समजणारा चालक समोरून येणाऱ्या वाहनांच्या बाजूस अकारण अधिक वेळ राहतो. गिअर बदलण्यासही क्षणभर लागतोच. म्हणून या टप्प्याची पहिली ओळख मोकळ्या व कोरड्या रस्त्यावर, वेगमर्यादेत राहूनच करून घ्यावी. ओल्या रस्त्यावर एकाएकी आलेल्या जोराने चाके घसरू शकतात.