ससेपालकांची राष्ट्रीय संघटना : नोंद, निकष आणि विश्वास

पैदाशीसाठी जनावर विकत घेणाऱ्यास एक प्रश्न नेहमीच भेडसावतो. विक्रेता जे सांगतो त्यावर विश्वास ठेवावा तो कशाच्या आधारे? दुभती म्हैस असेल तर धार काढून पाहता येते. सशाच्या बाबतीत तशी सोय नाही. घेतलेले नर-मादी एकाच विणीतील सख्खी भावंडे आहेत काय, हे नुसत्या पाहण्याने कळत नाही. मादी अवघ्या 31 दिवसांच्या आसपास विते. त्यामुळे दोन-तीन पिढ्यांनी पिल्ले दुबळी निपजू लागतात तेव्हा सारा कळप बिघडलेला असतो.

अमेरिकेतील ससेपालकांनी या अडचणीवर संघटनेचा मार्ग काढला. 1910 साली स्थापन झालेली त्यांची संस्था आज अमेरिकन रॅबिट ब्रीडर्स असोसिएशन या नावाने ओळखली जाते. गिनीपिगांचे पालकही तिचे सभासद असतात. ही शासकीय यंत्रणा नव्हे. तिच्या नियमांना कायद्याचे बळ नाही, परंतु खरेदीदार ते मानतात आणि म्हणून विक्रेत्यासही मानावे लागतात.

संस्थेचे पहिले काम म्हणजे प्रत्येक जातीचे निकष ठरविणे. वजन, बांधा, केसांचा प्रकार व रंग यांचे वर्णन असलेला ग्रंथ ती प्रसिद्ध करते आणि दर पाच वर्षांनी त्यात सुधारणा होते. नेदरलँड ड्वार्फ ही जात सव्वा किलोच्याही आत राहते, तर फ्लेमिश जायंटची प्रौढ मादी सहा किलोंहून अधिक भरते. नवी जात कोणा एकाच्या हट्टाने मान्य होत नाही. ती राष्ट्रीय अधिवेशनात पुन्हा पुन्हा मांडून निकषांवर उतरावी लागते. (न्यूझीलंड व्हाइट ही मांसासाठी प्रसिद्ध असलेली जात मुळात अमेरिकेतच तयार झाली, हे तिच्या नावावरून कोणास वाटणार नाही.)

खरे महत्त्व आहे ते नोंदणीला. पाळणारा सशाच्या डाव्या कानात आपला क्रमांक गोंदतो. ससा सहा महिन्यांचा झाला की तीन पिढ्यांची वंशावळ दाखवून त्याची नोंदणी करता येते. मात्र केवळ कागद पुरत नाही. संस्थेचा परवानाधारक निबंधक प्रत्यक्ष ससा हाती घेऊन त्याचे वजन, दात व डोळे तपासतो. दात वाकडे वाढणे हा दोष पुष्कळदा आनुवंशिक असतो आणि असा ससा नाकारला जातो. तपासणीत उतरलेल्याच्या उजव्या कानात नोंदणीची खूण गोंदली जाते. ब्रिटनमधील ब्रिटिश रॅबिट कौन्सिलची पद्धत निराळी आहे. तेथे लहानपणीच मागच्या पायात क्रमांकाचे कडे सरकवितात. पाय वाढल्यावर ते निघत नाही, म्हणून त्यात लबाडीला वाव कमी.

या व्यवस्थेलाही मर्यादा आहेत. प्रदर्शनात सशाचे रूप पाहिले जाते. मादी किती पिल्ले जगविते, हे तेथे दिसत नाही. ज्यास उत्पन्नासाठी ससे पाळावयाचे आहेत त्याने पदकापेक्षा विणीची वही मागावी, हे बरे.

संघटनेची कसोटी लागली ती रोगाच्या वेळी. सशांच्या रक्तस्रावी रोगाचा नवा विषाणू 2010 मध्ये फ्रान्समध्ये आढळला आणि 2020 मध्ये अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातील रानसशांत पसरला. तो पादत्राणे, गवत व माश्यांबरोबरही वाहून नेला जातो. अशा वेळी ससे एकत्र आणणारी प्रदर्शने हाच धोका ठरतो. विखुरलेल्या पालकांपर्यंत एकच सूचना पोहोचविण्यास संघटनेचे जाळे उपयोगी पडते. 2021 मध्ये तेथे तयार झालेल्या लशीस तातडीच्या वापराची परवानगी मिळाली.

आपल्या देशात अविकानगर येथील केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेने हिमाचल प्रदेशातील गडसा व तामिळनाडूतील मन्नवनूर येथील केंद्रांत सशांवर काम केले आहे. ग्रामपंचायत सदस्यांनी आणि शिक्षकांनी एक भेद मात्र गावात आवर्जून समजावून सांगावा. मराठीत दोहोंना ससाच म्हणतात, परंतु पाळीव ससा युरोपातील बिळात राहणाऱ्या जातीचा आहे. त्याची पिल्ले जन्मतः केसाविना व मिटल्या डोळ्यांची असतात. आपल्या शिवारातील रानससा वेगळा. त्याचे पिल्लू केसाळ व उघड्या डोळ्यांचे जन्मते. त्यास 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण असून त्यास पकडून पिंजऱ्यात ठेवणे गुन्हा आहे.