पहिला अल्बम आणि चौघांचा करार

कामगार संघटनेचे काम करणाऱ्या माणसाने बोनस, कंत्राटी पद्धत, ग्रॅच्युइटी ह्यांवर बोलावे, गाण्यावर बोलू नये, असा एक समज आहे. माझाही तसाच होता. मी शाळा लवकर सोडली. जे काही वाचले ते पाळी सुटल्यावर, युनियनच्या कचेरीतल्या दिव्याखाली. संगीतातले मला काही कळते असा माझा दावा नाही. पण एका संध्याकाळी चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार असलेला एक मुलगा हातात कागद घेऊन आला आणि म्हणाला, "काका, हे अ‍ॅग्रीमेंट जरा बघता का? कारखान्याचे नाही, गाण्याचे आहे."

हा मुलगा आणि त्याचे तीन मित्र मोशीला एका खोलीत राहतात. सुटीच्या दिवशी गिटार, ड्रम घेऊन बसतात, स्वतः गाणी रचतात. त्यांना आपला पहिला अल्बम काढायचा होता. कागद समजून घ्यायचा तर आधी अल्बम म्हणजे काय, हे मला समजून घ्यावे लागले. ते जसे समजले तसे आपल्यापुढे मांडतो.

आपल्या देशात व्यापारी ध्वनिमुद्रणाला 1902 साली कलकत्त्यात सुरुवात झाली. त्यात गौहर जान गायल्या. त्या काळी तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे मावत. तबकड्या छापल्या जात जर्मनीत. तिथल्या कारागिराला कोणाचा आवाज आहे हे कळावे म्हणून गाणे संपताच गायिका स्वतःचे नाव मोठ्याने सांगत असे. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे तिचा उपयोग आहे. अशा अनेक तबकड्या फोटोंच्या वहीसारख्या बांधीव पुठ्ठ्यात घालून विकत, त्या वहीवरून 'अल्बम' हा शब्द आला. 1948 साली अमेरिकेत लाँग प्ले तबकडी निघाली. एका बाजूला वीसएक मिनिटे मावू लागली, वहीची गरज संपली, पण नाव राहिले. आज तबकडी घरोघरी नाही, गाणे मोबाइलवर येते. तरीही कलावंत अल्बम काढतातच, कारण एखादे गाणे नशिबाने जमून जाते. आठ-दहा गाणी एका क्रमाने मांडली की माणसाची खरी कुवत आणि त्याचे म्हणणे कळते.

आता 'इंडी' म्हणजे काय? इंग्रजीतल्या 'स्वतंत्र' ह्या अर्थाच्या शब्दाचे ते लघुरूप आहे. पाठीशी मोठी कंपनी नाही, सिनेमा नाही. कलावंत स्वतःच पदरमोड करतो. ह्याचे उदाहरण आपल्या पुण्यातच आहे. 'ईझी वाँडरलिंग्ज' ह्या पुण्याच्या मंडळींनी 2017 साली 'अ‍ॅज रिटन इन द स्टार्स' हा आपला पहिला अल्बम काढला. सन्यंत नरोथ हे त्यांचे गीतकार आणि प्रतिका गोपीनाथ ह्या त्यांच्या गायिका. गाणी इंग्रजीत आहेत. मोशीच्या मुलांनी मला ती ऐकवली आणि अर्थ सांगितला. आवाज शांत, आरडाओरडा नाही. शब्द न कळताही मला ती परकी वाटली नाहीत. पुण्यातून, कोणा मोठ्या माणसाचा हात डोक्यावर नसताना, असे काम उभे राहते, हेच ह्या मुलांना महत्त्वाचे वाटत होते.

आता कागदाकडे वळू. गाण्यात दोन वेगळ्या मालमत्ता असतात. चाकणच्या माणसाला हे लगेच कळेल. ड्रॉइंग वेगळे आणि त्यावरून तयार झालेला जॉब वेगळा. शब्द आणि चाल हे ड्रॉइंग, ध्वनिमुद्रण हा जॉब. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार शब्द लिहिणारा आणि चाल बांधणारा हे आपापल्या कामाचे धनी, आणि ध्वनिमुद्रणाचा पुढाकार व जबाबदारी जो घेतो तो ध्वनिमुद्रणाचा धनी. म्हणजे खर्च आणि खटपट मुलांनी स्वतः केली तर दोन्ही मालमत्ता त्यांच्याच. इंडीपणाचा खरा अर्थ मला तरी हा वाटतो.

त्या कागदात लिहिले होते की एकरकमी पैसे घ्या आणि सर्व हक्क, सर्व जगासाठी, कायमचे सोडा. 2012 साली कायद्यात दुरुस्ती झाली. गाण्याच्या वापरातून येणाऱ्या रॉयल्टीतला गीतकाराचा आणि संगीतकाराचा समान वाटा आता त्यांना सोडून देता येत नाही. सही केली तरी तो हक्क जात नाही. तो फक्त वारसाला किंवा हक्कांची वसुली करणाऱ्या कॉपीराइट संस्थेला देता येतो. किमान वेतनासारखेच हे आहे. कमी घेईन म्हणून मजुराने लिहून दिले तरी ते चालत नाही. पण कायदा कागदावर असणे आणि पैसा हातात पडणे ह्यांत किती अंतर असते, ते आपल्याला सांगायला नको.

कोणी म्हणेल, आमच्या शाहिरांनी कुठे हिशेब मागितला? अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गवाणकर ह्यांनी 1944 साली लाल बावटा कलापथक काढले ते पैशासाठी नव्हे. खरे आहे. पण स्वखुशीने देणे वेगळे आणि अडाणीपणामुळे काढून घेतले जाणे वेगळे. देणाऱ्याला आपण काय देतो आहोत हे ठाऊक असले पाहिजे.

मी मुलाला विचारले, "शब्द कोणाचे? चाल कोणाची?" तो गप्प झाला. चौघांत हे कधी ठरलेच नव्हते. त्यातच ड्रम वाजवणाऱ्याला कंत्राटदाराने ब्रेक दिला होता, तो गावी परत गेला होता. त्याचा वाटा राहिला की संपला, ह्यावर उरलेल्या तिघांत अबोला होता. मालकाशी भांडायला आलेल्यांची आपसातच घटना नव्हती!

मी म्हटले, "अरे, हा कागद बाजूला ठेव. आधी तुमचा चौघांचा कागद कर." गावी गेलेल्याला फोन लावला. प्रत्येक गाण्यापुढे शब्द कोणाचे, चाल कोणाची, कोणी काय वाजवले, कोणाचा वाटा किती, आणि एखादा सोडून गेला तर झालेल्या कामातला त्याचा वाटा कायम, असे मराठीत दोन पानांत लिहिले. भांडण झाले, रात्रीचे अकरा वाजले, पण सह्या झाल्या. चौथ्याची सही नंतर टपालाने आली. मूळ करारावर त्यांनी सही केली नाही. बोनसच्या पैशातून दोन गाणी ध्वनिमुद्रित केली आहेत. अल्बम पुरा व्हायला अजून वेळ आहे.

गौहर जान ह्यांना तबकडीच्या शेवटी आपले नाव सांगावे लागे, ते कारखान्याच्या सोयीसाठी. आपल्या कामावर आपले नाव आपण स्वतःच्या सोयीसाठी लिहायला शिकले पाहिजे. गाण्यावर लिहावे, तसेच हजेरीपटावरही लिहावे.