आजोबांच्या घड्याळाची डायल रंगवू नका!

आजचा एपिसोड तुमच्या घरातल्या कपाटासाठी आहे. तिथल्या एखाद्या डब्यात आजोबांचं एचएमटी पडलेलं असेल, तर ते हातात घ्या आणि मग ऐका.

एचएमटी ही सरकारी कंपनी. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने तिचा घड्याळांचा कारखाना बंगळुरात सुरू झाला. २०१६ मध्ये सरकारने घड्याळांचा हा व्यवसाय बंद करायला मंजुरी दिली.

माझं लाडकं मॉडेल म्हणजे 'जनता'. चावीचं घड्याळ. बॅटरी नाही, चिप नाही. चावी दिली की आतली लांब स्प्रिंग गुंडाळली जाते. तिला एकदम सुटायचं असतं, पण एस्केपमेंट नावाचा भाग तिची ताकद थोडी थोडी करून सोडतो. ताल धरतं ते मागेपुढे झुलणारं बॅलन्स व्हील: तासाला १८,००० ठोके, म्हणजे सेकंदाला ५. मी कधीकधी फोनचा माइक जवळ धरून ॲपवर ही टिकटिक मोजत बसतो!

क्वार्ट्झ घड्याळात हेच काम सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरणारा स्फटिक करतो. म्हणून ते जास्त अचूक, हे मान्यच. चावीचं घड्याळ दिवसाला काही सेकंद इकडेतिकडे होणारच. पण ते पूर्ण उघडून, साफ करून, तेल घालून परत चालू करता येतं. 'बोर्ड गेला, नवीन घ्या' हा डायलॉग इथे नाही.

आणि '१७ ज्युवेल्स' वाचून खूश होऊ नका हं. ती कृत्रिम माणकं असतात. चाकांचे आस झिजू नयेत म्हणून बसवलेली.

आता मुद्द्याचं. दुरुस्तीला गेलात की "डायल नवी करून देऊ का?" असं विचारलं जाऊ शकतं. नको म्हणा. मूळ छपाई एकदा खरवडली की परत येत नाही. विकत घेतानाही हेच बघा: अक्षरं जाडी-भरडी, मिनिटांच्या रेघा वाकड्या, केस ओरखड्यांनी भरलेली आणि डायल मात्र चकाचक? मग ती बहुतेक रंगवलेली आहे.

वर्षानुवर्षं पडून असलेलं घड्याळ चावी देऊन रोज वापरायलाही लागू नका. तेल वाळलेलं असतं, भाग झिजतात. आधी घड्याळवाल्या काकांकडे न्या आणि सांगा, "मशीन साफ करा, तेल घाला, डायलला हात लावू नका." तो पिवळटपणा आजोबांच्या मनगटावरच्या वर्षांचा आहे. तो राहू द्या.

डब्यात कुठलं मॉडेल निघालं, ते नक्की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!