हुमणीचा ठाव आणि मातीचा नकाशा

कृष्णाकाठी वाळवा, पलूस, मिरज या तालुक्यांत ऐन भाद्रपदात उसाचा फड हिरवागार असताना मध्येच एखादा पट्टा पिवळा पडू लागतो, आणि तेथील बेट हाताने ओढताच मुळे कुरतडली गेल्यामुळे सहज उपटून येते. खालची माती उकरली, की अर्धचंद्राकार वळलेली, पांढुरकी हुमणी सापडते. ही अळी सबंध शेतात सारखी पसरत नाही. म्हणून सरसकट औषध ओतणारा शेतकरी जेथे शत्रूच नाही तेथेही पैसा खर्ची घालतो आणि मातीतील उपकारक जीवांचा मात्र संहार करतो.

तिचा बंदोबस्त करावयाचा, तर प्रथम मातीचा स्वभाव जाणला पाहिजे. हलक्या जमिनीत प्रामुख्याने आढळणाऱ्या होलोट्रिकिया जातीचे भुंगेरे, म्हणजे हुमणीचेच प्रौढ कीटक, वळवाच्या पावसानंतर तिन्हीसांजेला बाहेर पडून कडुलिंब-बाभळीवर पाला खावयास जमतात, आणि तेव्हा फांद्या हलवून ते गोळा करणे हा अत्यंत परिणामकारक उपाय ठरतो. परंतु नदीकाठच्या जमिनीतील ल्यूकोफोलिस जातीचे भुंगेरे पाला खातच नाहीत. तेथे झाडाखाली कितीही रात्री जागविल्या, तरी ते श्रम बहुतांशी व्यर्थच जावयाचे. एकाच गावच्या शिवारात, मळईच्या आणि माळाच्या रानांना, दोन निरनिराळे उपाय लागतात, ते यामुळे.

मृदासर्वेक्षणाची परंपरा या मुलखाला नवीन नाही. फलटण तालुक्यातील पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र 1932 सालचे; आणि नीरा उजव्या कालव्याखालील जमिनींचे बसू व सिरूर या संशोधकांनी केलेले वर्गीकरण 1938 साली प्रसिद्ध झाले. 2015 साली सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेसाठी बागायती क्षेत्रात अडीच हेक्टरांस एक नमुना घ्यावयाचे ठरले. खतांचा हिशेब त्यावर बसेल. पण हुमणीसाठी हे जाळे फारच विरळ आहे. तिच्याकरिता पोत, ओल आणि सेंद्रिय अंश यांवरून फडाचे भाग पाडून, प्रत्येक भागात खड्डे खणून, सापडलेल्या अळ्या नकाशावर मांडाव्या लागतील. नकाशा कोठे शोधावे एवढेच सांगतो. निकाल खड्डाच देतो. मग अळ्या लहान असतानाच, नेमक्या त्याच भागात, पुरेशी ओल पाहून, अळीला मारणारी मेटारायझियम बुरशी कुजलेल्या शेणखतातून द्यावी.

भुंगेऱ्याला मात्र गट नंबर आणि बांध ठाऊक नसतात, म्हणून हे काम एकट्या खातेदाराचे नव्हे. साखर कारखान्यांच्या शेतकी खात्यांकडे प्रत्येक फडाच्या लागणीची नोंद असते; त्याच दप्तरात मातीचा वर्ग आणि खड्ड्यांतील अळ्यांची संख्या असे दोन रकाने येत्या हंगामापासून वाढवावेत.